पिंजरा लावायच्या आधी किल्लीची कडी सोडवा

सगळ्यात आधी कडी सोडवा. पुरुषांच्या चॅस्टिटी केजचं, म्हणजे लिंग कुलपात ठेवायच्या पिंजऱ्याचं, पार्सल फोडलं की आत एक छोटं पितळी कुलूप निघतं आणि बारीक तारेच्या एका कडीत दोन किल्ल्या. त्या दोन्ही एका कडीत आहेत तोवर ती एकच किल्ली आहे, हे पक्कं समजा. नख घालून कडी उघडा, एक किल्ली बाहेर काढा, वेगळ्या जागी ठेवा आणि मग पुढचं वाचा. मी मागच्या वर्षी हे केलं नाही. काय चुकलं ते मला मे महिन्यात, ऐन नवतप्यात, रात्री साडेबाराला कळलं.

चॅस्टिटी केजला आमच्या घरी पिंजराच म्हणतात. हा जोडप्याचा खेळ आहे: एकाने घालायचा, किल्ली दुसऱ्याने ठेवायची. दोघांचं आपसात बोलून ठरलेलं असावं आणि एकाने "काढा" म्हटलं की दुसऱ्याने काहून म्हणून विचारायचं नाही, हे मी धरून चालतो. शुगर असेल, खालच्या अंगाला बधिरपणा येत असेल, रक्त पातळ करायच्या गोळ्या सुरू असतील, तर आधी डॉक्टरला विचारा. लाज वाटत असेल तर घेऊच नका.

पहिला पिंजरा स्वस्त प्लास्टिकचाच घ्यावा. माझा साडेसातशेचा होता. सीबी-३००० आणि सीबी-६००० हे मूळचे अमेरिकी नमुने, पॉलिकार्बोनेटचे. स्वस्तातले पुष्कळसे पिंजरे त्यांचीच नक्कल आहेत. रचना सोपी असते: लिंगावर बसणारी नळी, अंडकोशाच्या मागून जाणारी रिंग, दोन्ही जोडणाऱ्या पिना, मधलं अंतर ठेवणारे स्पेसर आणि कुलूप. हे आपल्याला झेपतं का, आवडतं का, एवढंच पहिल्या खेपेला कळायला हवं. त्यासाठी पाच हजाराचं स्टील कशाला? शिवाय प्लास्टिक वेळेला कापता येतं.

आता माप. इथे घाई करायची नाही, कारण सगळी गंमत रिंगेची आहे, नळीची नाही. लोक नळीची लांबी बघून मागवतात आणि रिंग "असेल ती बसेल" म्हणून सोडून देतात. शिंप्याची टेप घ्या, नसेल तर सुती दोरी. अंडकोशाच्या मागून, लिंगाच्या वरून, अंगाला टेकेल पण रुतणार नाही असा वेढा घ्या. जेवढे मिलिमीटर येतील त्याला ३.१४ ने भागा. १४५ आले तर व्यास ४६ च्या आसपास. संचात साधारण ४०, ४५, ५० अशा रिंगा येतात, तेव्हा सुरुवात ५० ने करा, मग ४५ लावून बघा. रिंग आणि अंग यांच्यामध्ये करंगळी जरा दाबून गेली पाहिजे. गेली नाही तर ती रिंग तुमची नाही, वाद घालू नका.

आणि माप कधी घ्यायचं, हे कोणी सांगत नाही. मी डिसेंबरात सकाळी, आंघोळीच्या आधी घेतलं होतं. नागपूरची डिसेंबरातली सकाळ तुम्हाला माहीत आहे, दहा-बारा अंशात माणूसच आकसून जातो, बाकीचं विचारू नका. त्या मापाने मागवलेली रिंग हिवाळ्यात छान बसली. मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर गेला, अंडकोश खाली लोंबला, कातडी घामाने फुगली आणि तीच रिंग बांगडीसारखी रुतायला लागली. तेव्हा संध्याकाळी घ्या, दिवसभराचं चालणं-फिरणं झाल्यावर घ्या, तीन वेगवेगळ्या दिवशी घ्या आणि त्यातलं मोठं माप धरा. नळीचं उलट आहे. ती शिथिल अवस्थेतल्या लांबीएवढी किंवा अर्धा सेंटिमीटर आखूड हवी. लांब घेतली तर पुढे पोकळी राहते, लघवी तिथेच साचते आणि जोडावर कातडी चिमटते. पहिल्यांदा घेणारा प्रत्येक गडी नळी लांबच मागवतो. कारण मी लिहीत नाही.

पार्सल आलं की लगेच अंगाला लावू नका. उजेडात धरा. स्वस्त मालात साच्याची रेघ राहते, दोन अर्धे जुळतात तिथे, आणि रिंगेच्या आतल्या कडेला बारीक धार असते. बोटाला ती कळत नाही. देवघरातला वातीचा कापूस घ्या, थोडा पिंजून मोकळा करा आणि सगळ्या कडांवरून हळू फिरवा. जिथे तंतू अडकेल तिथे उद्या तुमची कातडी अडकणार. माझ्या रिंगेवर तीन जागी अडकला. गाडीला रंग देणारे वापरतात तो वॉटर पेपर आणा, आधी ६०० नंबर, मग १०००, पाणी लावून घासा. वीस मिनिटांचं काम आहे. पिना जिथे जातात त्या भोकांच्या कडाही बघा, तडा तिथूनच सुरू होतो. तडा दिसला तर परत पाठवा, फेविक्विक लावून वापरू नका. थिनर किंवा नेलपॉलिश काढायचं ॲसिटोन लावून पुसू नका, पॉलिकार्बोनेट त्याने चरचरून तडकतं. कोमट पाणी आणि साबण पुरे. लेबलवर "मेडिकल ग्रेड" लिहिलंय म्हणून खूश होऊ नका, लिहायला पैसे पडत नाहीत. उघडताच नाकात भरणारा उग्र वास येत असेल आणि दोन दिवस हवेवर ठेवूनही जात नसेल, तर द्या फेकून. साडेसातशेच गेले.

कुलूप. कडी सोडवलीत ना? मग दोन्ही किल्ल्या वेगवेगळ्या लावून बघा. पिंजरा हातात असतानाच दहा-दहा वेळा उघडबंद करा, अंगावर नाही. त्यातली एक बहुतेक अडखळतेच. ती किल्ली मऊ धातूची असते, जोर लावला तर वळते आणि वळली की आतच तुटते. पेन्सिलीच्या शिशाची पूड दातऱ्यांवर चोळली की सरळ चालते, तेल घालू नका. घामाने कुलपाला हिरवट थर चढतो, तो आठवड्याला पुसा.

पण माझं खरं म्हणणं वेगळंच आहे: पहिला महिना पितळी कुलूप वापरूच नका. संचात नंबर छापलेले प्लास्टिकचे सील येतात, नसतील तर वायरी बांधायचे बारीक टाय घ्या. तोच उपयोग, उघडलं तर कळतं, आणि वेळ आली तर कैचीने एका सेकंदात तुटतं. मेट्रोत सीताबर्डीला तपासणीच्या दारातून जाताना ते वाजतही नाही. विमानतळावर मात्र पहिल्या खेपेला काहीच घालून जाऊ नका, तिथली चर्चा नको.

आता ती रात्र. बायको वर्ध्याला लग्नाला गेली होती. जाताना किल्ली पर्समध्ये टाकून घेऊन गेली, तसंच ठरलं होतं. मी म्हटलं दुसरी घरातच आहे ना, कपाटात कुठेतरी असेल. रात्री कूलरचं पाणी संपलं, गरम हवा फेकून राहिला तो, आणि घामाने झोप उघडली तर रिंग रुतलेली, खालचं सगळं टम्म. कपाट उपसलं. फोन लावला. ती म्हणाली, "अहो, किल्ल्या दोन आहेत ना?" आणि फोनजवळ धरून वाजवून दाखवल्या. दोन्ही. त्याच कडीत.

घरात आरी नव्हती. शेजारच्या काकांचं दार वाजवलं आणि कूलरचा पाइप कापायचा आहे म्हणून सांगितलं. काका म्हणाले, "थांब, मीच येतो, तुले नाही जमणार." रात्री एक वाजता सत्तरीतला माणूस बनियनवर आरी घेऊन मदतीला निघतो, त्याला जिन्यात थोपवणं किती कठीण असतं ते मला विचारा. मग न्हाणीघरात बसून आधी ओला गार टॉवेल दहा मिनिटं, सूज थोडी उतरेपर्यंत. मग कुलपाच्या दांडीखाली जुनं एटीएम कार्ड सरकवलं आणि ब्लेडने घासत बसलो. चाळीस मिनिटं लागली. दोनदा ब्लेड घसरलं. तुम्ही हे करू नका, त्यासाठीच सांगतोय: कडी सोडवा. एक किल्ली तिच्याकडे, दुसरी लिफाफ्यात चिकटवून घरातच, लिफाफ्यावर तिची सही. फोडला तर तिला कळेल, खेळही मोडणार नाही. घराबाहेर असाल तर ती दुसरी तुमच्या पाकिटात. "कुठेतरी असेल" ही जागा नाही.

हेही पाठ करा: रंग निळा-जांभळा पडला, अंग गार लागलं, बधिर झालं, सूज आली, लघवी अडली, तर त्या क्षणी काढायचं, पाच मिनिटं बघू असं नाही. निघत नसेल तर ऑटो करा आणि मोठ्या दवाखान्यात, आमच्या नागपुरात सरकारी मेडिकल कॉलेजला किंवा मेयोला, कॅज्युअल्टीत जा, चोवीस तास असते. रिंग अडकून आलेला तुम्ही पहिले नाही, रिंग कापायची अवजारं डॉक्टरांकडे असतात. मी एक तास लाजत घरी काढला, तो मूर्खपणा होता. रक्त अडकलं की तासांचाच हिशेब असतो.

वेळ हळूहळू वाढवा. पहिल्या दिवशी अर्धा तास, घरातच. मग दोन तास. मग एक अख्खी संध्याकाळ, जिना चढून-उतरून, बसून, वाकून. रात्र सगळ्यात शेवटी, पंधरवड्यानंतर. कारण झोपेत पुरुषाला रात्रीतून तीन ते पाच वेळा ताठरपणा येतो. त्यात आपली इच्छा, स्वप्न, काही नसतं, शरीर आपोआप करतं. तेव्हा नळी पुढे ढकलली जाते आणि रिंग मागून ओढते. पहिल्या रात्री जाग येणारच. दुखून जाग आली तर काढा, मर्दुमकी नको. मोटारसायकल पहिले काही दिवस टाळा, आपल्या रस्त्यांची अवस्था सांगायला नको.

घालताना पाण्याचं लुब्रिकंट, थोडंसं. खोबरेल तेल नाही. केस कैचीने आखूड करा, वस्तरा फिरवू नका, उगवताना खाजून जीव जातो. चड्डी सुती, घट्ट.

एप्रिल ते जून मी रोज काढतो, धुतो, पंख्याखाली पूर्ण कोरडं करतो, मगच परत. ओलसर राहिलं तर घामोळं, मग गजकर्ण, मग दोन महिने मलम. लाल चट्टा दिसला की आठ दिवस सुट्टी. लघवी बसून करा, नंतर कागदाने टिपा. बाकी समजतंच.

पार्सलवर वस्तूचं नाव छापत नाहीत ना, विक्रेत्याला आधी विचारा, आमच्याकडे सासऱ्यांनी घेतलं होतं. पोरांच्या हाती लागणार नाही असं ठेवा. सहा महिन्यांनी पिना बदला, त्या आधी झिजतात. पटलं तर मग चांगला घ्या, तेव्हाही माप परत घ्या. उन्हाळ्यात.

आणि नवीन कुलूप आलं की परत पहिल्यापासून. कडी, नख, एक किल्ली बाहेर. काका अजूनही जिन्यात भेटले की विचारतात, पाइप नीट बसला का म्हणून.