अपघाताच्या रुग्णाची सोनोग्राफी करताना या चुका टाळा

ट्रॅक्टर उलटून पोटाला मार बसलेला एक तरुण आमच्या ग्रामीण रुग्णालयात आला. छोट्या सोनोग्राफी मशीनवर पोट स्वच्छ दिसलं, पण नाडी १२० होती. पंचवीस मिनिटांनी पुन्हा प्रोब (मशीनचा अंगावर टेकवायचा भाग) ठेवला, तेव्हा यकृताच्या खालच्या टोकाशी बारीक काळी पट्टी, म्हणजे साचलेलं रक्त, दिसली. पहिल्याच तपासणीवर विसंबलो असतो, तर त्याला वॉर्डातच ठेवून घेतलं असतं.

‘फास्ट’ तपासणीत, म्हणजे अपघातानंतर आत रक्त साचलंय का हे बघणाऱ्या झटपट सोनोग्राफीत, रक्त दिसलं नाही म्हणजे रक्तस्राव नाहीच, असं धरून चालणं ही सगळ्यात घातक चूक. २०० मिलीपेक्षा कमी रक्त अनुभवी डॉक्टरलाही सहसा सापडत नाही. आतड्याची इजा आणि कमरेचं हाड मोडून पोटामागच्या भागात साचणारं रक्त तर हमखास निसटतं. नाडी वाढतेय, बीपी घसरतंय? पुन्हा बघा.

उजवीकडे यकृत आणि किडनीमधली फट पाहून प्रोब उचलू नका. यकृताचं खालचं टोक दिसेपर्यंत खाली सरका. डावीकडे प्लीहा सापडत नाही, कारण प्रोब बहुतेकदा फार पुढे धरलेला असतो. हाताची बोटं गादीला टेकतील इतका तो मागे न्या, उजवीपेक्षा थोडा वर. लघवीची नळी घालण्याआधी ओटीपोट बघून घ्या. भरलेल्या मूत्राशयामागचा भाग पांढराफटक दिसत असेल तर गेन (चित्राचा उजळपणा) कमी करा, नाहीतर रक्ताचा पातळ थर त्यातच हरवतो. आणि गोठलेलं रक्त काळं नाही, करडं दिसतं.

छातीत फुप्फुस सरकताना दिसलं नाही की लगेच न्यूमोथोरॅक्स (फुप्फुसाबाहेर छातीत हवा साठणं) म्हणू नका. जुन्या टीबीमुळेही फुप्फुस चिकटलेलं असतं. मात्र एका बाजूला श्वास ऐकू येत नाही, दम लागलाय आणि बीपी कोसळतंय, तर मशीन सुरू करण्यातही वेळ घालवू नका. आधी छातीतली हवा काढा.

मशीन पिशवीत मावतं म्हणून कुठंही नेता येत नाही. पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या, कायद्याखाली त्याची नोंदणी लागते, आणि नोंदणीच्या जागेबाहेर ते फक्त नोंदणीकृत फिरत्या वैद्यकीय पथकातच वापरता येतं.

रक्त दिसलं की मोठ्या सोनोग्राफीची वाट बघू नका. १०८ बोलवा, जिल्हा रुग्णालयाच्या सर्जनला फोन करा आणि कुठं, किती वाजता दिसलं ते रेफरच्या चिठ्ठीवर लिहा.