व्हीपीएस घेण्याआधी प्लॅन कसा तपासावा

देवगडच्या एका बागायतदाराची वेबसाइट डोळ्यासमोर ठेवू. वर्षाचा बराचसा काळ तिथे दिवसाला पन्नासेक जण फिरकतात. आंब्याच्या पहिल्या पेट्या निघाल्या की वर्दळ वाढते, आणि गुढीपाडव्यापासून अक्षय्य तृतीयेपर्यंत मुंबई-पुण्याची गिऱ्हाइकं रात्री जेवणं उरकून एकदमच ऑर्डर द्यायला बसतात. शेअर्ड होस्टिंग, म्हणजे अनेक साइट्सनी मिळून वापरलेला एकच सर्व्हर, नेमकं तेव्हाच मान टाकतं. मग कोणीतरी सुचवतं, ‘व्हीपीएस घेऊन टाक’, म्हणजे एका मोठ्या यंत्रातून वेगळा काढलेला भाड्याचा सर्व्हर, आणि समोर प्लॅनचे तीन रकाने येतात. प्रोसेसरचे २ कोअर, ४ जीबी रॅम, ८० जीबी डिस्क, मधल्या रकान्यावर ‘सर्वाधिक पसंती’चा बिल्ला.

या रकान्यांवरून दोन कंपन्यांमध्ये फारसा फरक कळत नाही. फरक असतो तो तिथे न छापलेल्या गोष्टींत. ते कोअर आणखी किती जणांत वाटले आहेत? डेटाचा कोटा संपला तर काय होतं? मुदत संपल्यावर भाडं किती? यातलं बहुतेक सगळं पैसे भरण्याआधी काढून घेता येतं, थोडा चिकटपणा हवा.

१. गर्दीच्या तासाचा हिशेब मांडा

सरासरी दिवसाचा आकडा इथे कामाचा नाही. वर्डप्रेस या साइट बनवण्याच्या प्रोग्रामला वूकॉमर्स जोडून केलेल्या दुकानात आंब्यांची माहिती देणारी पानं कॅशेतून, म्हणजे आधीच तयार ठेवलेल्या प्रतीतून जातात, त्यांचा भार जवळपास नसतोच. बास्केट आणि पैसे भरण्याचं पान मात्र प्रत्येक गिऱ्हाइकासाठी नव्याने तयार होतं, आणि अशा प्रत्येक विनंतीमागे एक पीएचपी प्रोसेस (पान तयार करणारं काम) साधारण ६० ते ८० एमबी रॅम अडवून बसते. एकाच वेळी वीस जण पैसे भरत असतील तर दीड जीबी तिथेच गेली. डेटाबेसला पाऊण ते एक जीबी धरा, सर्व्हरच्या लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमला पाव जीबी. म्हणजे २ जीबीचा प्लॅन एरवी पुरेल पण हंगामात गुदमरेल. ४ जीबी बरा.

डेटा ट्रान्स्फरचं उलट असतं, तिथे गरजेपेक्षा जास्त विकलं जातं. एक पान दोन एमबीचं धरलं आणि महिन्यात पन्नास हजार पानं उघडली गेली, तरी १०० जीबीच होतात. ‘५ टीबी’ वाचून भुलू नका.

२. कोअर खरोखर किती मिळतो ते पाहा

माझ्या मते सगळ्यात जास्त फसगत इथे होते. प्लॅनमधला ‘व्ही-सीपीयू’ म्हणजे सहसा प्रोसेसरच्या एका कोअरचा एक थ्रेड (कामाची एक रांग), आणि तोही स्वस्त प्लॅनमध्ये अनेकांना एकाच वेळी दिलेला असतो. सोसायटीच्या सामाईक टाकीसारखं हे चालतं. सगळ्यांनी एकदम नळ सोडले नाहीत तोवर कोणाची तक्रार नसते. पानावर ‘डेडिकेटेड’ असं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर कोअर सामाईक आहे असंच समजा. सामाईक असणं वाईट नाही, छोट्या दुकानाला ते परवडतं आणि पुरतंही. फक्त किती जणांत वाटलाय ते महत्त्वाचं, आणि तो आकडा कोणीही छापत नाही. तो आपणच मोजायचा असतो, ते सातव्या पायरीत येईल.

काही प्लॅनमध्ये वाटा मुळातच ठरवून दिलेला असतो. अॅमेझॉनच्या टी३ मालिकेतल्या मायक्रो सर्व्हरला प्रत्येक व्ही-सीपीयूमागे कायमचा वाटा फक्त १० टक्के. कमी वापराच्या वेळी क्रेडिट साठतात आणि गर्दीत ते खर्च होतात. दिवसभर शांत राहून रात्री दोन तास धावणाऱ्या साइटला हे छान जमतं. अक्षय्य तृतीयेच्या आदल्या आठवड्यात दिवसभरच धावपळ असेल तर क्रेडिट संपतात, आणि मग एकतर वेग घसरतो किंवा जादा बिल येतं. दोन्हींपैकी काय होणार हे सेटिंगवर ठरतं, ते आधी पाहून ठेवा.

प्लॅनच्या पानावर व्हर्च्युअलायझेशनचा, म्हणजे एका यंत्राचे अनेक सर्व्हर करण्याच्या तंत्राचा प्रकार शोधा. ‘केव्हीएम’ असेल तर उत्तम. हे तंत्र २००७ पासून लिनक्सच्या कर्नलमध्येच (गाभ्यातच) आहे आणि त्यात तुमच्या सर्व्हरला स्वतःचा कर्नल मिळतो. ‘ओपनव्हीझेड’मध्ये सगळ्या भाडेकरूंचा कर्नल एकच असतो. त्यामुळे तो बदलता येत नाही, आणि जुन्या आवृत्तीत डॉकरसारखी, प्रोग्राम वेगळ्या डब्यांत चालवणारी साधनं अडतात. फारच स्वस्त प्लॅन दिसला आणि प्रकार लिहिलेला नसेल, तर विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

३. डिस्क

जीबी कमी-जास्त असल्याने इथे फार बिघडत नाही, प्रकाराने बिघडतं. फिरत्या हार्डडिस्कला सेकंदाला शंभर-दोनशे विखुरलेल्या वाचन-लेखनाच्या क्रिया जमतात, एनव्हीएमई या वेगवान चिप-डिस्कला हजारोंनी जमतात. ऑर्डर नोंदवणं म्हणजे डेटाबेसचं असंच विखुरलेलं लेखन. त्यामुळे ८० जीबी साध्या डिस्कपेक्षा ४० जीबी एनव्हीएमई घ्या.

४. सर्व्हर कुठल्या गावात आहे

प्रकाशाचा वेग काचेच्या तंतूत सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर असतो, त्याहून लवकर कोणतीही कंपनी उत्तर आणू शकत नाही. मुंबई ते सिंगापूर सरळ अंतर जवळपास ३,९०० किलोमीटर. जाऊन-येऊन किमान ३९ मिलिसेकंद, आणि केबल सरळ रेषेत नसल्याने प्रत्यक्षात साठच्या आसपास. जर्मनीतून शंभरच्या वर, अमेरिकेतून दोनशेच्या घरात. मुंबईतल्या मुंबईत हेच काम दहाच्या आत होतं. एका पानासाठी अशा बऱ्याच फेऱ्या होतात, म्हणून फरक गिऱ्हाइकाला जाणवतो.

पर्याय आता जवळच आहेत. अॅमेझॉनचं मुंबई केंद्र २०१६ मध्ये सुरू झालं, मायक्रोसॉफ्टचं ‘सेंट्रल इंडिया’ पुण्यात आहे, डिजिटलओशन बंगळुरूत आहे, लिनोड आणि व्हल्टर मुंबईत. जर्मनीतले सर्व्हर त्याच पैशांत जास्त रॅम देतात हे खरं, पण ती मजा बॅकअप ठेवायला किंवा एखादी चाचणी करायला घ्यावी. गिऱ्हाईक दादर-कोथरूडचं असेल तर दुकान इथेच हवं.

बऱ्याच कंपन्या चाचणीसाठी एक आयपी पत्ता (सर्व्हरचा इंटरनेटवरचा आकडी पत्ता) किंवा ‘लुकिंग ग्लास’ नावाचं पान देतात. त्या पत्त्याला पिंग करा, म्हणजे उत्तर यायला किती वेळ लागतो ते कळतं, आणि एमटीआर हा प्रोग्राम चालवून मार्ग पाहा. घरच्या फायबरवरून केलंत तर मोबाइल डेटावरूनही करा, कारण ऑर्डरी फोनवरूनच येतात. कधीकधी एखाद्या नेटवर्कवरून मुंबईतल्या सर्व्हरकडे जाणारी वाट सिंगापूरला वळसा घालून येते. एमटीआरमध्ये ती लगेच दिसते.

ठिकाणाप्रमाणे कोटाही बदलतो. अॅमेझॉन लाइटसेल या व्हीपीएस सेवेच्या मुंबईतल्या प्लॅनमध्ये डेटाचा कोटा इतर बहुतेक ठिकाणांच्या निम्मा असतो. आकडे आपल्याच केंद्राचे वाचतोय ना, हे बघा.

५. खरा भाव काढा

समजा जाहिरात आहे ‘महिना ₹३९९’ची. खाली बारीक अक्षरांत तीन वर्षांचे पैसे एकरकमी लागतात. ३९९ गुणिले ३६ म्हणजे ₹१४,३६४, त्यावर १८ टक्के जीएसटी, एकूण सुमारे ₹१६,९५०, तेही आजच. मुदत संपल्यावरचा दर बहुधा वेगळा असतो आणि तो शोधावा लागतो. सापडला नाही तर लेखी विचारा. ‘इनपुट क्रेडिट मिळेल’ असं विक्रेता सांगेल, पण ताज्या आंब्यावर जीएसटीच नाही, त्यामुळे फक्त आंबे विकणाऱ्याला ते मिळत नाही.

त्यावर काय काय चढतं तेही लिहा. रोजचा किंवा आठवड्याचा बॅकअप, जो काही ठिकाणी मूळ भाड्याच्या वीस टक्के असतो. वेगळा आयपीव्ही४ पत्ता (जुन्या पद्धतीचा आयपी पत्ता). अॅमेझॉनने फेब्रुवारी २०२४ पासून त्याचे तासावर पैसे लावले आहेत. विंडोज हवं असेल तर लायसन्स. आणि सीपॅनेल, म्हणजे ब्राउझरमधून सर्व्हर सांभाळायचा प्रोग्राम. छोट्या सर्व्हरवर सीपॅनेलचं भाडं सर्व्हरच्या भाड्यापेक्षा जास्त होऊ शकतं, तेव्हा ते फुकट आहे असं गृहीत धरू नका.

डॉलरमध्ये पैसे भरणार असाल तर कार्डाचं परकीय चलन शुल्क आलंच. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ऑटो-पेमेंट. ऑक्टोबर २०२१ पासून लागू झालेल्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांमुळे कार्डावरून दर महिन्याला आपोआप पैसे कापायला आधी नोंदणी लागते, आणि अनेक परदेशी कंपन्यांच्या बाबतीत ती होतच नाही. पेमेंट फसतं, मेल स्पॅममध्ये जातो आणि भर एप्रिलमध्ये सर्व्हर बंद. यूपीआय घेणारी किंवा खात्यात आगाऊ रक्कम ठेवू देणारी कंपनी निवडलीत तर ही कटकट टळते.

६. अटी वाचा आणि विक्रीच्या माणसाला छळा

‘९९.९ टक्के अपटाइम’ म्हणजे तीस दिवसांच्या महिन्यात ४३ मिनिटं बंद राहण्याची मुभा. ९९.९९ असेल तर सव्वाचार मिनिटं. वचन मोडलं तर भरपाई म्हणून भाड्याचा काही भाग पुढच्या बिलात वळता होतो, तोही मागितला तर. बुडालेल्या ऑर्डरींचे पैसे कोणीच देत नाही. त्यामुळे नऊ किती आहेत यापेक्षा बॅकअप कुठे आहे हे आधी विचारा. १० मार्च २०२१ ला फ्रान्सच्या स्ट्रासबर्गमध्ये ओव्हीएच कंपनीची एक अख्खी डेटा सेंटर इमारत जळाली, आणि काही ग्राहकांचे बॅकअपही त्याच आवारात असल्याने तेही गेले. कंपनीच्या बॅकअपशिवाय एक प्रत दुसऱ्या कंपनीकडे हवीच.

विचारायचे प्रश्न थेट असू द्या. तुमच्या फिजिकल सर्व्हरचा प्रोसेसर कोणता? कोटा संपल्यावर वेग कमी होतो, जादा पैसे लागतात की सर्व्हर बंद होतो? सर्व्हरवर सायबर हल्ला झाला तर संरक्षण देता की माझा आयपीच तोडता? सर्व्हर सुरूच झाला नाही तर ब्राउझरमधून कन्सोल (सर्व्हरचा थेट पडदा) मिळतो का? पैसे परत किती दिवसांत, आणि कोणत्या पेमेंटला नाही? हे रविवारी रात्री पाठवा. उत्तर किती वेळात येतं आणि ते प्रश्नाचं आहे की कुठूनतरी चिकटवलेलं, यावरून पुढची मदत कशी असेल ते कळतं. ‘अनमॅनेज्ड’ प्लॅनमध्ये अपडेट, फायरवॉल, बॅकअप सगळं तुमच्या गळ्यात. लिनक्सची कमांड लाइन कधी पाहिली नसेल तर मॅनेज्ड घ्या, जास्त पैसे देऊन.

भारतातल्या कंपनीने नाव, पत्ता, वापराचं कारण मागितलं तर बिचकू नका. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार व्हीपीएस पुरवणाऱ्यांना ग्राहकांची पडताळलेली माहिती पाच वर्षं जपावी लागते.

७. सगळ्यात छोट्या मुदतीचा सर्व्हर घेऊन मोजा

तासावर मिळत असेल तर तासावर घ्या, नाहीतर एक महिना. हंगामाच्या आधी, जानेवारीत. मोजणी दुपारी करून उपयोग नाही, रात्री आठ ते अकराच्या दरम्यान करा आणि तीन-चार दिवस करा.

सर्व्हरवर टॉप ही, चालू कामं दाखवणारी कमांड चालवली की सीपीयूच्या ओळीत शेवटी ‘एसटी’ हा आकडा दिसतो (लाल परीशी संबंध नाही). तुमच्या सर्व्हरला काम होतं पण शेजाऱ्यांमुळे प्रोसेसर मिळाला नाही, असा वेळ तो दाखवतो. मात्र रिकाम्या सर्व्हरवर तो शून्यच दिसेल, आधी सिसबेंच या चाचणीच्या प्रोग्रामने थोडा भार द्या. शून्य-एक टक्का असेल तर निर्धास्त राहा. सतत पाच-दहाच्या वर राहत असेल तर यंत्रात माणसं कोंबली आहेत, तो प्लॅन सोडा. डिस्कसाठी एफआयओ हा चाचणीचा प्रोग्राम वापरा, ४ केबीच्या विखुरलेल्या वाचन-लेखनाची चाचणी लावून. एनव्हीएमई म्हणून विकलेल्या डिस्कवर सेकंदाला काहीशेच क्रिया दिसल्या तर विचारणा करायचीच. एका रात्री हजारो आणि दुसऱ्या रात्री त्याचा दहावा हिस्सा, हेही तितकंच वाईट लक्षण.

मिळालेला आयपी पत्ता स्पॅमहाउसच्या, म्हणजे स्पॅम पाठवणाऱ्या पत्त्यांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेच्या यादीत आहे का ते तपासा. आधीच्या भाडेकरूने केलेल्या उपद्व्यापांची शिक्षा तुमच्या मेलना होते. तसाही पोर्ट २५ (सर्व्हरवरून मेल जाण्याची वाट) बऱ्याच कंपन्या बंदच ठेवतात, तेव्हा ऑर्डरच्या मेल एखाद्या स्वतंत्र मेल सेवेतून पाठवणं सोपं.

शेवटी साइटची प्रत त्यावर चढवा आणि चार-पाच घरच्यांना एकाच वेळी खोटी ऑर्डर टाकायला सांगा. वीस जणांचा भार यातून कळणार नाही, पण काही अडत असेल तर तेवढ्यानेही दिसतं.

८. वाढवता येतो, तसा कमी करता येतो का

हंगामी धंद्याला हा प्रश्न वार्षिक सवलतीपेक्षा महत्त्वाचा. डिजिटलओशनसारख्या ठिकाणी फक्त सीपीयू आणि रॅम वाढवली तर नंतर परत खाली येता येतं. सोबत डिस्कही वाढवली तर मागे फिरता येत नाही. म्हणजे मार्चमध्ये ४ जीबी, जूनमध्ये परत २ जीबी, डिस्क वर्षभर तेवढीच. असं करू देणारा प्लॅन महिन्याच्या दराने थोडा महाग असला तरी वर्षाच्या बेरजेत अनेकदा स्वस्त पडतो.

आणि सर्व्हर ‘शटडाउन’ केला म्हणजे भाडं थांबलं असं समजू नका. बऱ्याच कंपन्यांत डिस्क आणि आयपी तुमच्या नावावर असेतोवर मीटर चालू राहतं. चाचणीसाठी घेतलेले जादा सर्व्हर निवड झाल्या दिवशीच पुसून टाका, आणि पुढच्या महिन्याच्या बिलात त्यांचं नाव नाही ना, ते एकदा बघून घ्या.