गरोदर बायकांची वही: काय लिहायचं, काय बघायचं

वस्तीतल्या गरोदर बायकांवर लक्ष ठेवायचं काम अंगावर आलं की पहिल्यांदा एक जाड वही घ्या. मी नर्स आहे, मोबाइलमध्येही नोंदी करते, पण वही सोडलेली नाही. नावं बाराखडीप्रमाणे लावू नका, बाळंतपणाच्या महिन्याप्रमाणे लावा. वही उघडली की आधी कोणाकडे जायचं ते लगेच दिसतं.

तारीख काढणं सोपं आहे. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसात नऊ महिने आणि सात दिवस मिळवायचे. १० जानेवारीला पाळी आली असेल तर १७ ऑक्टोबर. 'आठवत नाही ताई' हे उत्तर ठरलेलं. मग घरातलं लग्न, मुलाची परीक्षा, पगाराचा दिवस, असं काही आठवून मागे जायचं. पाळी अनियमित असेल तर पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीत दिलेली बाळंतपणाची तारीख धरा.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ पासून किमान आठ तपासण्या सांगितल्या आहेत, पहिली १२ आठवड्यांच्या आत. आपण घरी जातो ते या तपासण्यांऐवजी नव्हे, मधल्या दिवसांत काही निसटू नये म्हणून.

बीपी घाईत घेऊ नका. जिना चढून आलेल्या बाईला पाच मिनिटं टेकून बसू द्या. पाय जमिनीवर, एकमेकांवर टाकलेले नकोत. बाही वर करून पट्टा उघड्या दंडावर बांधा, हात छातीच्या पातळीला टेकवा, आणि यंत्र चालू असताना तिला बोलू देऊ नका (हे सगळ्यात अवघड). दंड जाड असेल तर मोठा पट्टा हवा, लहान पट्ट्याने आकडा उगाच जास्त येतो. १४०/९० किंवा वर गेलं तर त्याच दिवशी डॉक्टरकडे. १६०/११० असेल तर गाडी बोलवायची, थांबायचं नाही.

पण माझं खरं लक्ष मागच्या आकड्यांवर असतं. कायम १००/६४ असणारी बाई सातव्या महिन्यात १२८/८४ वर आली, तर कागदावर ती नॉर्मल आहे. मी मात्र दोन-तीन दिवसांत पुन्हा जाते आणि लघवीतली प्रथिनं तपासायला सांगते. पायाला सूज बऱ्याच जणींना येते. चेहरा एकाएकी सुजला, बोटातली अंगठी निघेना झाली, तर बीपी लगेच बघा.

रक्त कमी आहे का, हे डोळ्यांच्या पापण्या पाहून ठरवू नका, हिमोग्लोबिन मोजा. ११ च्या खाली म्हणजे कमी, ७ च्या खाली म्हणजे सरळ दवाखाना. 'लोहाच्या गोळ्या घेतेस ना?' असं विचारलं की सगळ्याच हो म्हणतात. त्यापेक्षा पाकीट मागा आणि उरलेल्या गोळ्या मोजा. गोळ्या सोडण्याचं कारण बहुतेक वेळा मळमळ किंवा काळी शी असतं. काळ्या शीला घाबरायचं नाही, हे आधीच सांगून ठेवा. चहा-कॉफी आणि कॅल्शियमची गोळी लोहाच्या गोळीबरोबर नको.

एकदा तरी तिच्याशी एकटीशी बोला. मारहाण, रडू येणं, झोप उडणं, ही उत्तरं घरच्यांसमोर मिळत नाहीत.

घरच्यांना मात्र एवढं पाठ हवं: अंगावर रक्त जाणं, पाणी जाणं, झटके, डोकं खूप दुखून डोळ्यांपुढे अंधारी, पोटात जोराची कळ, ताप, धाप, बाळाची हालचाल नेहमीपेक्षा कमी. यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही. रात्री गाडी कोणाची, सोबत कोण, घरी मोठं मूल कोणापाशी, हे आठव्या महिन्यातच ठरवून घ्या. तिचा रक्तगटही वहीत हवा, निगेटिव्ह असेल तर डॉक्टरांना आधीच माहीत असू दे.

बाळंतपण झालं की पान मिटू नका. पहिल्या २४ तासांतला रक्तस्राव सगळ्यात घातक, आणि बीपी बाळंतपणानंतरच्या आठवड्यातही चढू शकतं. सहा आठवड्यांची तपासणी झाल्यावरच नावावर रेघ मारा.