बुधवारच्या रात्रीचे परतलेले चिकन

वार पाळणाऱ्या घरांत सोमवार, मंगळवार, गुरुवार आणि शनिवार वगळले की आठवड्याच्या मधल्या दिवसांत सामिष जेवणासाठी प्रामुख्याने बुधवारच उरतो, आणि बुधवारी संध्याकाळी लोकलच्या गर्दीतून घरी पोहोचेपर्यंत साडेसात-आठ वाजलेले असतात. त्या वेळी खोबरे-कांदा भाजून वाटण करण्याचा उत्साह कोणातही नसतो. अशा रात्रीसाठी चायनीज पद्धतीने मोठ्या आचेवर परतलेले चिकन हा उत्तम पर्याय आहे, कारण त्याचे वीस-पंचवीस मिनिटांचे काम सुरी आणि पाटावर होते आणि गॅसवर त्याला जेमतेम दहा मिनिटे लागतात. येथे दिलेले प्रमाण चार माणसांसाठी आहे. टेबलस्पून म्हणजे १५ मिलिलिटरचा आणि टीस्पून म्हणजे ५ मिलिलिटरचा चमचा समजावा.

कृतीकडे वळण्यापूर्वी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, कारण या पदार्थाचे यशापयश तिच्यावरच अवलंबून आहे. मी पहिल्यांदा हा प्रकार केला तेव्हा अर्धा किलो चिकन एकाच वेळी पॅनमध्ये ओतले, आणि दोन मिनिटांत त्याला एवढे पाणी सुटले की ताटात शेवटी पांढुरक्या तुकड्यांचा तपकिरी रस्सा पडला. चवीला तो वाईट नव्हता, पण त्याला परतलेले चिकन म्हणणे धाडसाचे होते. कारण साधे आहे. पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते आणि भांड्यात ते साचलेले असेपर्यंत मांसाच्या पृष्ठभागाचे तापमान त्यापुढे फारसे जात नाही, तर मांसाला खमंगपणा आणि तपकिरी रंग देणारी प्रक्रिया जोमाने सुरू होण्यासाठी साधारण १४० अंशांच्या पुढचे तापमान लागते. रस्त्यावरच्या चायनीजच्या गाडीवरील भट्टीची आच घरच्या शेगडीच्या कितीतरी पट असल्याने तेथे सुटलेले पाणी क्षणात उडून जाते. आपल्या शेगडीला ते जमत नाही, म्हणून पाणी मुळात सुटू न देणे आणि सुटलेच तर थोडे सुटेल अशी व्यवस्था करणे, एवढेच आपल्या हाती आहे. पुढील बहुतेक सूचना याच एका हेतूने दिल्या आहेत.

चिकन अर्धा किलो, बोनलेस घ्यावे. दुकानदार न विचारता त्याचे चौकोनी तुकडे करून देतो, आणि ते या कामासाठी जाड पडतात, म्हणून छातीचे किंवा मांडीचे अखंड तुकडेच मागून घ्यावेत. माझी पसंती मांडीच्या मांसाला आहे, कारण त्यात चरबी जास्त असल्याने मिनिटभर अधिक शिजले तरी ते कोरडे पडत नाही. छातीचे मांस दिसायला सुबक, पण फार लवकर चिवट होणारे असते. घरी आल्यावर चिकन वीस मिनिटे फ्रीझरमध्ये ठेवले तर ते किंचित घट्ट होते आणि पातळ कापणे सोपे जाते. तेवढ्या वेळात तांदूळ धुऊन कुकर लावावा आणि भाज्या चिराव्यात.

कापण्याआधी मांसावरील धाग्यांची दिशा पाहावी. छातीच्या तुकड्यावर त्या बारीक समांतर रेषा स्पष्ट दिसतात. सुरी त्या रेषांना आडवी चालवून सुमारे अर्धा सेंटिमीटर जाडीचे काप करावेत, म्हणजे प्रत्येक धागा आखूड होतो आणि घास मऊ लागतो. रेषांच्या दिशेनेच कापले तर तेच मांस दाताखाली दोरीसारखे येते.

चिकन धुण्याविषयी थोडे लिहिणे आवश्यक आहे, कारण आपल्याकडे ते न धुता शिजवण्याची कल्पनाच अनेकांना सहन होत नाही. धुतल्याने जंतू मरत नाहीत, उलट नळाच्या धारेने उडालेल्या थेंबांबरोबर ते ओट्यावर आणि शेजारच्या कोशिंबिरीवर पसरू शकतात. ते मरतात शिजवण्याच्या उष्णतेने. तरीही धुवायचेच असेल तर भांड्यात पाणी घेऊन त्यात हलक्या हाताने बुचकळावे, नंतर सिंक आणि ओटा साबणाने स्वच्छ करावा. धुतले असो वा नसो, काप जुन्या पण स्वच्छ सुती फडक्यावर पसरून किंवा टिश्यू पेपरने दाबून अगदी कोरडे मात्र करावेत, आणि ते फडके लगेच गरम पाण्याने धुवायला टाकावे.

कोरड्या कापांना १ टेबलस्पून सोया सॉस, अर्धा टीस्पून मिरपूड, १ टेबलस्पून कॉर्नफ्लोअर आणि १ टेबलस्पून तेल चोळून पंधरा मिनिटे ठेवावे. कॉर्नफ्लोअरचा पातळ थर मांसातील रस आत धरून ठेवतो आणि पुढे सॉस त्याला चिकटून बसतो. छातीचे मांस असेल तर यातच पाव टीस्पून खाण्याचा सोडा घालावा. सोड्यामुळे मांसाच्या पृष्ठभागावरील प्रथिने शिजताना घट्ट आवळली जात नाहीत, त्यामुळे हॉटेलातल्यासारखा मऊपणा येतो. प्रमाण मात्र वाढवू नये, कारण जास्त सोड्याने साबणासारखी चव येते. मांडीच्या मांसाला सोड्याची गरज नाही.

भाज्यांमध्ये एक मोठी भोपळी मिरची, एक गाजर, दहा-बारा फरसबीच्या शेंगा, एक कांदा आणि पातीच्या कांद्याची अर्धी जुडी एवढे पुरे. स्टेशनबाहेर निवडलेल्या आणि चिरलेल्या भाज्यांची पाकिटे मिळतात, ती घेतली तर वेळ वाचतो यात शंका नाही, पण ती घरी धुवावीच लागतात आणि मग चिरलेल्या कडांमध्ये पाणी मुरते. त्यामुळे अख्खी भाजी आधी धुऊन, पुसून, मग चिरणे मला अधिक सोयीचे वाटते. गाजर तिरके व पातळ चिरावे, फरसबी दोन इंचांची ठेवावी, भोपळी मिरचीच्या आतला पांढरा भाग काढून चौकोनी फोडी कराव्यात आणि कांद्याचे चार भाग करून त्याच्या पाकळ्या सुट्या कराव्यात. मश्रूम घालायचे असतील तर ते वेगळे परतून घ्यावेत, कारण त्यांना सुटणारे पाणी सगळ्या मेहनतीवर अक्षरशः पाणी फिरवते.

लसणाच्या सहा-सात पाकळ्या, एक इंच आले आणि दोन हिरव्या मिरच्या बारीक चिराव्यात. फ्रीजमध्ये आले-लसणाची पेस्ट तयार असते आणि तीच घालण्याचा मोह होतो, पण पेस्ट ओली असल्याने ती आधी तडतडते आणि मग तळाला चिकटून करपते. सोया सॉसच्या बरोबरीने आले, लसूण आणि हिरवी मिरची ही जोडी मुंबईच्या जिभेला जुनी ओळखीची आहे. १९७५ साली क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या स्वयंपाकघरात नेल्सन वांग यांनी चिकन मंचुरियन तयार केले असे सांगितले जाते, तेव्हा त्यांनीही याच तीन जिन्नसांपासून सुरुवात करून गरम मसाल्याऐवजी सोया सॉस घातला होता, अशी ती हकीकत आहे. मंचुरियनमध्ये चिकन पिठात घोळवून तळतात. आपल्याला तेवढ्या तेलाची आणि तेवढ्या वेळेची गरज नाही.

सॉस आधीच एका वाटीत कालवून ठेवावा, कारण गॅस पेटल्यावर बाटल्यांची झाकणे उघडत बसायला उसंत मिळत नाही. दीड टेबलस्पून सोया सॉस, १ टेबलस्पून व्हिनेगर, १ टेबलस्पून लाल मिरचीचा सॉस, १ टीस्पून साखर, २ टीस्पून कॉर्नफ्लोअर आणि अर्धी वाटी पाणी एकत्र करावे. मीठ घालू नये, कारण सोया सॉसमध्ये ते भरपूर असते. शेवटी चव पाहून वाटलेच तर चिमूटभर घालावे. आपल्याकडे सहज मिळणारा डार्क सोया सॉस रंगाने गडद असतो, त्यामुळे रंग येत नाही म्हणून तो वाढवत गेल्यास पदार्थ काळा आणि खारट होतो. शेजवान चटणी आवडत असल्यास मिरचीच्या सॉसऐवजी ती घालावी. व्हिनेगर संपले असेल तर लिंबू चालते, पण ते गॅस बंद केल्यावर पिळावे.

भांड्याच्या बाबतीत माझे मत ठाम आहे. भाकरीच्या तव्याइतकीच जुनी, जड लोखंडी कढई ज्या घरात आहे त्या घराने वोक विकत घेण्याच्या फंदात पडू नये. जड लोखंड उष्णता साठवून ठेवते आणि थंड मांस पडल्यावर एकदम निवत नाही, त्यामुळे शेगडीच्या कमी आचेची उणीव काही प्रमाणात भरून निघते. नॉनस्टिक पॅन या कामासाठी वापरू नये, कारण रिकामा पॅन मोठ्या आचेवर फार तापला तर त्याचा लेप खराब होतो आणि २६० अंशांच्या पुढे त्यातून अपायकारक वाफा निघू लागतात. तेल शेंगदाण्याचे किंवा सूर्यफुलाचे, रिफाइन्ड घ्यावे. घाण्याचे तेल चवीला कितीही सरस असले तरी ते लवकर धुरकटते. घरातले साधे तिळाचे तेल म्हणजे चिनी पदार्थांत शेवटी थेंबभर घालतात ते भाजलेल्या तिळांचे तेल नव्हे, हेही लक्षात ठेवावे.

आता सर्वांत मोठ्या बर्नरवर कढई ठेवून आच पूर्ण मोठी करावी, स्वयंपाकघराची खिडकी उघडावी आणि एक्झॉस्ट पंखा लावावा. तीन मिनिटांनी कढईत पाण्याचे दोन थेंब टाकून पाहावेत. थेंब पसरून चर्र आवाज करत आटला तर कढई अजून पुरेशी तापलेली नाही. थेंबाची गोळी होऊन ती पाऱ्यासारखी इकडून तिकडे पळू लागली की वेळ झाली. थेंब पूर्ण उडून गेल्यावरच दीड टेबलस्पून तेल घालून कढई फिरवावी, आणि तेलावर धुराची पुसट रेघ दिसताच निम्मे चिकन घालावे. निम्मेच. उरलेले निम्मे घालून एकाच फेरीत काम उरकण्याची इच्छा येथे प्रत्येकाला होते, आणि माझा तो पहिला रस्सा त्याच इच्छेतून झाला होता.

काप उलथन्याने एका थरात पसरून एक मिनिट त्यांना हात लावू नये. नाव परतण्याचे असले तरी रंग येतो तो स्वस्थ बसू दिल्याने. या मिनिटात डोळ्यांपेक्षा कान अधिक उपयोगी पडतात. आवाज कोरडा आणि चुरचुरीत आहे तोपर्यंत सर्व ठीक चालले आहे. तो खाली येऊन बुडबुड ऐकू येऊ लागली की पाणी सुटले असे समजावे, आणि पुढच्या फेरीत चिकन आणखी कमी घालावे. मिनिटभराने खालची बाजू सोनेरी झाली की उलटून भराभर परतत दीड-दोन मिनिटे शिजवावे आणि स्वच्छ ताटलीत काढावे. ज्या भांड्यात कच्चे चिकन मुरवले होते त्यात ते परत टाकू नये. कढई पुन्हा मिनिटभर तापू द्यावी, चमचाभर तेल घालावे आणि उरलेले चिकन तसेच परतून घ्यावे.

त्याच कढईत गरज वाटल्यास थोडे तेल घालून आधी गाजर आणि फरसबी मिनिटभर, मग कांदा आणि भोपळी मिरची आणखी मिनिटभर परतावी. भाज्या कडेला सारून मधोमध जागा करावी, त्या मोकळ्या जागी आले, लसूण आणि मिरची टाकावी आणि अर्ध्या मिनिटात वास सुटला की सगळे एकत्र करावे. लसूण सुरुवातीलाच घातला तर भाज्या होईपर्यंत तो जळून कडवट होतो. भाज्या दाताखाली कुरकुरीत राहिल्या पाहिजेत. मऊ भाजीची सवय असलेल्या ज्येष्ठांसाठी फरसबी आधी दोन मिनिटे वाफवून, पुसून घ्यावी.

आता चिकन, ताटलीत जमलेल्या रसासह, कढईत परत घालावे. वाटीतला सॉस तळापासून ढवळून मगच ओतावा, कारण कॉर्नफ्लोअर खाली बसलेले असते आणि न ढवळता ओतल्यास वरचे पाणी आधी जाऊन शेवटी पिठाची गोळी पडते. सॉस कडेने ओतून सतत हलवत राहावे. तो प्रथम गढूळ दिसतो, मग उकळी येताच मिनिटभरात पारदर्शक आणि चकचकीत होतो आणि तुकड्यांना अंगाबरोबर चिकटतो. सर्वांत जाड तुकडा कापून पाहावा. आत गुलाबी छटा नसावी आणि रस स्वच्छ निघावा. स्वयंपाकाचा थर्मामीटर असल्यास आतील तापमान ७४ अंश भरले पाहिजे. वरून चिरलेली कांद्याची पात घालून गॅस बंद करावा.

गरम भातावर किंवा उकडून निथळलेल्या नूडल्सवर हे लगेच वाढावे. लहान मुलांसाठी हिरवी मिरची वगळून साखर थोडी वाढवली तरी चालते. पोळीबरोबर खाणाऱ्यांची मी चेष्टा करत नाही, कारण दुसऱ्या दिवशीच्या डब्यात हेच चिकन पोळीत गुंडाळून नेलेले मीही पाहिले आणि खाल्ले आहे. त्यासाठी उरलेले चिकन मुंबईच्या दमट हवेत रात्रभर ओट्यावर न ठेवता जेवण होताच फ्रीजमध्ये ठेवावे आणि सकाळी वाफ येईपर्यंत गरम करून, थोडे निवल्यावर डब्यात भरावे.

उरलेले चिकन काढताना मात्र कढई पूर्ण रिकामी करावी, कारण व्हिनेगरमुळे लोखंडाची चव अन्नात उतरते आणि रंगही काळसर होतो. कढई कोमट असतानाच गरम पाण्याने आणि काथ्याने घासावी, मंद गॅसवर ठेवून पूर्ण सुकवावी आणि तेलाचा हलका हात फिरवून ठेवून द्यावी.