ब्रेस्टचं ऑपरेशन झालंय आणि घरात तान्हं बाळ आहे: उचलायचं कसं, कडेवर कधी घ्यायचं

डिस्चार्जच्या कागदावर लिहिलेलं, सहा आठवडे दोन किलोच्या वर वजन उचलायचं नाही. आणि घरी माझी लेक साडेआठ किलोची, दहा महिन्यांची, धरून उभी राहायला नुकतीच लागलेली, मला बघितलं की दोन्ही हात वर करणारी. बाळाबद्दल त्या कागदावर एक ओळ नव्हती. मिरजेहून सांगलीला येताना सगळा रस्ताभर डोक्यात तेच, की ही हात वर करणार आणि मी काय करणार. त्या सहा आठवड्यांत फिजिओ मॅडमनी जे शिकवलं, सर्जनना विचारून विचारून जे कळलं आणि घरात जे जमवलं ते सगळं इथं लिहितेय, कारण मला तेव्हा हे मराठीत कुठं एका जागी सापडलं नाही.

आधी हे सांगते की ब्रेस्ट कॅन्सरमुळं माझी उजवी बाजू पूर्ण काढली आणि काखेतल्या गाठीही काढल्या. तुमची फक्त गाठ काढली असेल तर दिवस कमी लागतील, पोटाची चरबी-स्नायू घेऊन नवीन ब्रेस्ट बनवलं असेल तर जास्त, कारण मग पोटावरही टाके असतात. त्यामुळं आकडे तुमच्या सर्जनचे धरा. पण विचारताना "वजन उचलू का" असं मोघम विचारू नका, त्याचं उत्तर "नको" असंच येतं. असं विचारा: माझं बाळ इतक्या किलोचं आहे, मी बसलेली असताना मांडीवर कधी घेऊ, पलंगाच्या उंचीवरून कडेवर कधी घेऊ, जमिनीवरून कधी उचलू. हे तीन वेगळे प्रश्न आहेत आणि मला तिन्हीची वेगवेगळी उत्तरं मिळाली.

उचलायचं का नाही हे नीट कळलं तर पाळायला सोपं जातं. ब्रेस्ट काढल्यावर वरची कातडी खाली छातीच्या स्नायूला परत चिकटायची असते. आपण हात लांब करून, बाळाला दोन्ही काखेत धरून वर घेतो ना, तेव्हा छातीचा तोच स्नायू ताणला जातो आणि चिकटत आलेली कातडी त्याच्यावरून सरकते, मग आत पाणी साचतं, ड्रेन (ते पाणी बाहेर काढायची नळी आणि बाटली) जास्त दिवस ठेवावा लागतो, टाक्यांवर ताण येतो ते वेगळंच. आणि वजन अंगापासून जितकं लांब तितका स्नायूवर भार जास्त, म्हणजे साडेआठ किलोचं बाळ हात लांब करून उचललं तर स्नायूला ते साडेआठ किलोचं राहतच नाही.

ऑपरेशनला चार-आठ दिवस असतील तर तयारी आत्ताच करा. आम्ही दिवाणाला लागून दोन गाद्या घडी करून पायरीसारख्या ठेवल्या, आजूबाजूला गोधड्या पसरल्या आणि लेकीला त्यावरून चढायला शिकवलं, रांगणारी मुलं हे पटकन शिकतात, तिला चार दिवस लागले. नंतर सगळा खेळ त्या पायरीवर चालला, कारण मला तिला उचलायचं नव्हतं, तीच चढून माझ्यापर्यंत येत होती आणि मी फक्त चांगल्या हाताने बुडाला मागून जरा आधार द्यायची. दुसरं, चांगल्या बाजूच्या कडेवर घ्यायची सवय आधीच लावा. मी कायम उजव्या कडेवर घ्यायची, डाव्या बाजूला ती अशी वळवळायची की पडेल असं वाटायचं. बाळ अजून अंगावर पीत असेल तर कधी आणि कसं सोडवायचं हे डॉक्टरांना आधीच विचारा, केमो सुरू झाल्यावर अंगावर पाजता येत नाही. एकदम तोडलं तर आपल्यालाही दूध साचून त्रास आणि बाळ पुढं महिनाभर मांडीवर घेतलं की छातीतच डोकं घालतं, नेमकं टाक्यांवर.

ड्रेनचे दिवस सगळ्यात नाजूक. बहुतेक ठिकाणी 24 तासांत 30 मिलीच्या खाली पाणी आलं, तेही सलग दोन दिवस, की नळी काढतात, माझी बाराव्या दिवशी निघाली. बाळाला ती नळी आणि बाटली म्हणजे खेळणंच. आत्यांनी (माझ्या सासूबाई) जुन्या सुती साडीची एक पिशवी शिवून दिली, ती परकराच्या नाडीला बांधायची, बाटली त्यात, आणि वरून नवऱ्याचा जुना ढगळ शर्ट. पुढून बटणं असलेलंच काहीतरी घाला, डोक्यावरून घालायचे कपडे तेव्हा जमत नाहीत. या दिवसात ऑपरेशनच्या बाजूचा हात मला खांद्याच्या वर न्यायचा नव्हता, पण हात अगदी गळ्यात बांधल्यासारखा ठेवायचाही नाही, मूठ उघड-बंद, कोपर वाकवणं, खांदे हळू वर-खाली हे पहिल्या दिवसापासून सांगितलेलं. हात न हलवता जपून ठेवला तर खांदा आखडतो आणि मग बाळ उचलणं अजून लांब जातं.

मांडीवर घेणं मात्र तिसऱ्या दिवसापासून सुरू केलं. आधी आपण बसायचं, पाठ भिंतीला, पाय जमिनीला टेकलेले, आणि ऑपरेशनच्या बाजूला छाती आणि हाताच्या मधे एक मऊ उशी. मग दुसऱ्या कोणीतरी बाळाला चांगल्या बाजूच्या मांडीवर आणून बसवायचं, बाळाचं तोंड बाहेरच्या बाजूला म्हणजे लाथा आणि डोकं दोन्ही जखमेपासून लांब. उठायची वेळ आली की आधी बाळ द्यायचं, मग उठायचं, आणि उठताना त्या हाताने रेटा द्यायचा नाही. आपल्याकडं खाली बसायची सवय असते ना, जमिनीवरून उठताना हात आपोआप टेकला जातो, म्हणून पहिले दोन आठवडे मी खुर्ची नाहीतर दिवाण सोडला नाही.

घरात कोणी नाही आणि बाळ खाली बसून रडतंय, असं व्हायला नको पण होतं. तेव्हा तिला वर घ्यायचं नाही, आपणच खाली जायचं. चांगला हात स्टुलावर टेकवून एक गुडघा, मग दुसरा, मग बसायचं. ती रांगत येऊन मांडीत शिरते. आणि मग कोणी येईपर्यंत तिथंच बसायचं, फोन जवळ हवा. मी एकदा पाऊण तास अशी बसलेय, दूध ओट्यावर तसंच, पण गॅस बंद होता एवढं बघितलेलं. गॅस चालू ठेवून खाली बसू नका.

आणि खरंच उचलावंच लागलं, बाळ जिन्याच्या टोकाला आहे, हात गरम भांड्याकडं चाललाय, तर त्या क्षणी कोणती आई कागद आठवणार. तर असं उचला: अगदी जवळ जा, गुडघ्यात वाका, चांगल्या हाताचं कोपर ते मनगट बाळाच्या बुडाखाली, बाळ अंगाला चिकटवून, दुसरा हात कोपर बरगड्यांना टेकलेलं ठेवून नुसता पाठीवर, आणि श्वास सोडत उठा. बाजूला नेऊन लगेच खाली ठेवा. नंतर पट्टी बघा, ड्रेनचा रंग बघा. एकदम लालभडक आलं, बाटली भराभर भरली किंवा छाती फुगल्यासारखी झाली तर तसंच दवाखान्यात जायचं, उद्यावर टाकायचं नाही.

झोळीबद्दल वेगळं सांगायला पाहिजे कारण आपल्याकडं घरोघरी साडीची झोळी असते. झोळीतून बाळ काढणं हे सगळ्यात वाईट उचलणं आहे, हात लांब, बाळ खोल, वर झोळी हलणारी. झोळी बांधायचीच असेल तर ठेवणं-काढणं दुसऱ्याचं काम, आपण फक्त बाजूला बसून दोरीने झोका द्यायचा, तोही चांगल्या हाताने. आंघोळ पण तशीच, पायावर घेऊन न्हाऊ घालणं त्या सहा आठवड्यांत नाही. मालिशवाल्या मावशींना आम्ही महिनाभर रोज बोलावलं, आणि मी समोर खुर्चीवर बसून तिच्याशी बोलत राहायची, तेवढ्यानं ती शांत राहायची. पुढं बांधायचे बेबी कॅरियरही तेव्हा नकोत, त्यांचे पट्टे बरोबर खांद्यावरून आणि छातीवरून जातात.

काखेतल्या गाठी काढल्या की दंडाच्या आतल्या बाजूला बधिरपणा येतो, तिथली नस त्याच वाटेनं जाते म्हणून. माझा अजून आहे. याचा बाळाशी संबंध असा की आंघोळीचं पाणी किंवा बाटलीतलं दूध किती गरम आहे हे त्या हातावर बघू नका, कळतच नाही. आणि बाळाची नखं दर तीन-चार दिवसांनी कापा. त्या हातावर ओरखडा उठला तर साबणाने धुवून अँटिसेप्टिक लावा, कारण त्या हाताला इन्फेक्शन लवकर धरतं आणि त्यातून सूज येऊ शकते. हळद मात्र नको. आमची सांगली हळदीचीच, जीआय म्हणजे त्या भागाच्या नावाचं मानांकन मिळालेली, घरात पोत्यानं हळद, येणारी प्रत्येक बाई सांगायची की टाक्यांवर लाव. ओल्या टाक्यांवर घरातलं काहीही लावायचं नाही, हळद पोटात जेवणातून जाते तेवढी पुरे.

बघायला येणाऱ्यांनी अजून एक मनाला लावून घ्यायला लावलं, की बाळाला जवळ नको घेऊ, त्याला होईल. कॅन्सर असा जवळ घेऊन, एका ताटात जेवून, पापी घेऊन होत नाही. पुढं रेडिएशन सुरू झाल्यावर परत तेच. बाहेरून मशीननं जे रेडिएशन देतात ते मशीन बंद झालं की संपलं, अंगात काही राहत नाही, मी संध्याकाळी घरी येऊन तिला मांडीवर घ्यायची. फक्त कातडी हुळहुळी झालेली असते, तिथं तिचं डोकं घासू नये म्हणून मधे जुन्या सुती साडीचा तुकडा. पेट स्कॅनचं (कॅन्सर अंगात कुठं आहे ते बघायची तपासणी) मात्र वेगळं आहे, त्यात किरणोत्सर्गी औषध शिरेतून देतात, दर 110 मिनिटांनी ते निम्मं होत जातं, म्हणून त्या दिवशी काही तास लहान बाळाला लांब ठेवायला सांगतात. स्कॅनच्या दिवशी तिला आजीकडं ठेवा आणि किती तास ते तिथंच विचारून घ्या.

रात्री बाळ चांगल्या बाजूला, मधे लोड. मुलं झोपेत गोल फिरतात आणि लाथ नेमकी तिथंच बसते. पहिला महिना ती आत्यांजवळ झोपली, मी त्याच खोलीत. रडली की आत्या उठवून माझ्याकडं आणायच्या, मी थोपटायची, परत न्यायच्या. आत्यांना बासष्टाव्या वर्षी हे सगळं करावं लागलं.

सहा आठवड्यांनी सर्जननी हो म्हटलं तरी एकदम साडेआठ किलो नाही, आणि तोवर ती नऊ किलोची झालेली. फिजिओ मॅडमनी सांगितलेली युक्ती अशी की कापडी पिशवीत एक किलो ज्वारी भरा, अंगाजवळ धरून ओट्यावरून उचला, ठेवा, आठ-दहा वेळा. दुसऱ्या दिवशी सकाळी हात जड नाही, अंगठी घट्ट नाही, छातीत ठणका नाही, तर तीन-चार दिवसांनी अर्धा किलो वाढवा. काहीही वाटलं तर मागच्या वजनावर परत. "त्या हाताने आता जन्मभर बादली उचलायची नाही" असं तुम्हाला दहा जणी सांगतील, पूर्वी डॉक्टरही सांगायचे. 2009 मध्ये अमेरिकेत आधीच हात सुजलेल्या 141 बायकांचा अभ्यास छापून आला, त्यात देखरेखीखाली हळूहळू वजन वाढवत नेलेल्यांची सूज वाढली नाही, उलट सूज उसळण्याचं प्रमाण कमी झालं. तेव्हा हात कायमचा बाजूला ठेवायचा नाही, सावकाश तयार करायचा.

या काळात काखेतून कोपरापर्यंत तार ओढल्यासारखं वाटलं, हात वर केला की कातडीखाली दोरी दिसली, तर घाबरू नका, बऱ्याच जणींना होतं, स्ट्रेचिंगनं सुटतं, पण फिजिओला दाखवा, स्वतः ओढून तोडायला जाऊ नका. ताप 100.4 च्या वर, लाली पसरतेय, वास येतोय, हात अचानक सुजलाय, यातलं काही असेल तर त्याच दिवशी डॉक्टर.

पहिल्यांदा कडेवर घेतली ती दिवाणावरून. ती दिवाणावर उभी, मी तिला पाठमोरी नाही तर डावी कूस तिच्याकडं करून उभी, गुडघे किंचित वाकवलेले, ती स्वतःच पाय टाकून कमरेवर चढली, माझा डावा हात खालून आणि नवरा हात पुढं करून शेजारी उभा. खिडकीपर्यंत गेलो, खाली केळीवाल्याची गाडी दाखवली आणि परत दिवाणावर बसवली. दोन मिनिटं. पहिल्या आठवड्यात तेवढंच, दिवसातून दोनदा. जमिनीवरून उचलायला मला अजून पाच आठवडे लागले, केमोच्या दिवसांनंतर तर तेही परत बंद व्हायचं, अंगात त्राण नसायचं, मग पुन्हा गाद्यांची पायरी लावायची आणि तिला म्हणायचं, चढ बाळा.