ॲम्प आणि मॉडेलर शेजारी ठेवताय? आधी या चुका टाळा

लालबागला एका जुन्या इंडस्ट्रियल इस्टेटीत माझा गाळा आहे. वर पत्रा, आत जॅम रूम. दर आठवड्याला एखादा पोरगा पाठीवर गिटार आणि हातात नवाकोरा मॉडेलर, म्हणजे गिटार ॲम्प्लिफायरच्या (ॲम्पच्या) आवाजाची डिजिटल नक्कल करणारा डबा, घेऊन येतो आणि चपला काढायच्या आधीच निकाल देऊन मोकळा होतो. "दादा, डिजिटलला ट्यूबचा दम नाही." ट्यूब म्हणजे जुन्या धाटणीच्या ॲम्पमधल्या काचेच्या नळ्या. नाहीतर एकदम उलट, "दादा, ट्यूबबिब आता म्हाताऱ्यांचं काम." दोघांनाही मी तेच तीन प्रश्न विचारतो. किती आवाजात ऐकलंस? कशातून ऐकलंस? कुठे उभं राहून ऐकलंस? इथेच गाडी अडते. ॲम्प आणि मॉडेलर यांची तुलना त्याने केलेलीच नसते. मोठ्या आवाजाची बारीक आवाजाशी केलेली असते, नाहीतर खोलीची माइकशी.

माझ्याकडे दोन्ही आहेत, त्यामुळे मी कुठल्याच पार्टीचा नाही. पण त्याच त्या चुका बघून आता वैताग आलाय, म्हणून एकदा लिहूनच टाकतो.

आवाज सारखा न करता कौल देणे

ही चुकांची महाराणी. दोन आवाजांतला एक जरा मोठा असला की कानाला तोच 'चांगला' वाटतो. जास्त भरीव, जास्त जिवंत. त्यासाठी फरक फार लागत नाही, एखाद-दोन डीबी (डेसिबल) पुरतात, आणि गंमत म्हणजे तेवढा फरक 'मोठा आवाज' म्हणून कळतही नाही. कळतं ते एवढंच, की "यात काहीतरी आहे यार".

एका जुलैतली गोष्ट. रविवार, बाहेर धो धो पाऊस, लोकल लटकलेल्या, त्यामुळे आलेली पोरं अडकून पडली. पाच जण. विषय अर्थातच हाच. माझा १५ वॉटचा ट्यूब कॉम्बो आहे (ॲम्प आणि स्पीकर एकाच पेटीत), दोन ईएल ८४ ट्यूबवाला. तो पोरांनी जोरात वाजवला, मग मॉडेलर लावला आणि एकमताने ॲम्पला जिंकवलं. मी मोबाइलवरचं डीबी मीटर काढलं. ॲम्प ९४, मॉडेलर ८८. सहा डीबीचा फरक! ही कसली तुलना? एकाला पायऱ्या चढायला लावून दुसऱ्याला लिफ्टने पाठवण्यातलाच हा प्रकार.

मग मी ॲम्प आतल्या स्टोअरमध्ये नेऊन ठेवला, पुढे एसएम ५७ माइक लावला, दार बंद केलं. माइक आणि मॉडेलर दोन्ही मिक्सरमध्ये, आणि बाहेर ऐकायला तेच दोन मॉनिटर स्पीकर. पोरं वाजवतील ते दर वेळी वेगळं वाजणार, म्हणून गिटारनंतर लगेच लूपर, म्हणजे वाजवलेलं भरून तेच पुन्हा पुन्हा ऐकवणारा डबा, लावला आणि एकच तुकडा भरून दोन्हीकडे पाठवला. मीटरवर दोघांना एका पातळीला आणलं आणि मिक्सरवर चादर टाकली. आता सांगा, कोण कुठलं? पाचही जणांचे चेहरे परीक्षेच्या हॉलमध्ये बसल्यासारखे. दोघांनी उलटं सांगितलं, एकाने प्रत्येक फेरीला मत बदललं. शेवटी मी लबाडी केली. काही न बोलता मॉडेलरचा फेडर (मिक्सरवरची आवाजाची पट्टी) दोन डीबी वर सरकवला. "हा! हा ट्यूब! बघा ना, कसा श्वास घेतोय!" श्वास मॉडेलर घेत होता. त्यानंतर चहाचे पैसे त्यांनी दिले.

म्हणून माझी सवय अशी आहे. मीटर नेहमी ऐकणाऱ्याच्या डोक्याच्या जागी धरायचं, एकच कॉर्ड दहा सेकंद वाजवायचा, अर्ध्या डीबीच्या आत आल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. फुकटचं ॲप चालतं. आकडा खरा किती याला महत्त्व नाही, दोघांना एकाच मापाने मोजल्याशी कारण.

आणि वॉटवर जाऊ नका. १०० वॉटचा ॲम्प ५० वॉटच्या दुप्पट मोठा वाजत नाही, फक्त ३ डीबीने मोठा वाजतो. कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट ताकद लागते.

लूपरने सगळं कळतं असंही नाही. बोटाखाली काय होतं, जोरात पिक मारल्यावर आवाज कसा दबून पुन्हा फुगतो, ते स्वतः वाजवल्याशिवाय कळत नाही. आधी लूपरने कान तपासा, मग हात.

कॅबचा घोळ

कॅब म्हणजे गिटारच्या स्पीकरची पेटी, कॅबिनेट. गिटारचा स्पीकर हा साधा स्पीकर नाही. सेलेस्टियनचा व्हिंटेज ३० घ्या, कंपनीच्या कागदावर त्याची पोहोच ७० ते ५००० हर्ट्झ लिहिलेली आहे. म्हणजे ५००० च्या वरची बरीचशी चिरचिर तो गिळून टाकतो. डिस्टॉर्शन आपल्याला गोड लागतं ते त्याच्या जिवावर. मॉडेलरमध्ये हेच काम कॅबचा ब्लॉक करतो, म्हणजे आयआर (इम्पल्स रिस्पॉन्स). एखादा कॅबिनेट माइकने कसा ऐकू येतो त्याचा तो ठसा असतो. तो बंद करून थेट मिक्सरला गेलात तर गिटार डब्यात कोंडलेल्या माशीसारखी वाजते. हे एकदा ऐकलं की बहुतेकांना कळतं. खरी फसगत होते ती उलट बाजूने, आणि तिथे मी स्वतः आपटलोय.

काही वर्षांपूर्वी ठाण्यातल्या एका नाट्यगृहात वाद्यवृंदाचा कार्यक्रम होता. मॉडेलर नवीन, माझा उत्साह जुना. स्टेजवर भाड्याचा ॲम्प होता. मी मॉडेलरचा एक आउट मिक्सरला दिला आणि दुसरा ॲम्पच्या पुढच्या इनपुटमध्ये खोचला, कॅबचा ब्लॉक चालूच ठेवून. झालं काय, की मॉडेलरचा प्रीॲम्प (आवाजाला रंग देणारा पुढचा भाग) आणि कॅब, त्यावर खऱ्या ॲम्पचा प्रीॲम्प, त्यावर खरा स्पीकर. चहाच्या चोथ्यावर पुन्हा पाणी उकळावं तसं. स्टेजवर मला ऐकू येत होतं ते गोधडीत गुंडाळलेलं. मी म्हटलं, मॉडेलरवर ट्रेबल वाढवू. वाढवला. अजून वाढवला. पहिल्या गाण्याच्या मुखड्यापर्यंत प्रेझेन्सचा नॉबही पूर्ण उघडला. माझा ॲम्प जेमतेम बरा वाजू लागला, पण तेच ट्रेबल दुसऱ्या वायरने मिक्सरलाही जात होतं हे माझ्या डोक्यातच आलं नाही. अंतऱ्याच्या आधी माझा छोटा सोलो होता. पहिल्या सुरालाच गाणाऱ्या ताई वळून बघायला लागल्या. पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी चक्क कानावर हात ठेवले. मध्यंतरात आयोजक आत आले आणि शांतपणे म्हणाले, "पत्र्यावर खिळा कोण ओढतंय?"

आता मी करतो ते असं. मॉडेलरमधून दोन वेगळे रस्ते काढतो. मिक्सरला जाणारा कॅबसकट. ॲम्पला जाणारा कॅबशिवाय, आणि तोही पुढच्या इनपुटमध्ये नाही, मागच्या एफएक्स रिटर्नमध्ये, इफेक्टची वायर परत आत येते त्या जॅकमध्ये. म्हणजे ॲम्पचा प्रीॲम्प वाटेतून बाजूला होतो. रिटर्न नसेल तर ॲम्पचा नाद सोडतो आणि मॉनिटरमध्ये मागतो. आणि दोन रस्त्यांचे इक्यू (बास-मिड-ट्रेबल) वेगळे. हे शेवटचं मी पॅचच्या (साठवलेल्या सेटिंगच्या) नावातच लिहून ठेवतो, कारण साउंडचेकच्या घाईत माझा माझ्यावर भरवसा नाही.

याच घोळाचं दुसरं टोक म्हणजे "मॉडेलरमध्ये हवा हलत नाही". बरोबर आहे. कशी हलणार? मॉडेलर तुम्हाला ऐकवतो तो स्पीकरला दोन बोटांवर चिकटलेल्या माइकचा आवाज, आणि तुम्ही तुलना करताय पाच फुटांवर, कोपऱ्यात ठेवलेल्या, पोटरीवर वाजणाऱ्या ॲम्पशी. तुमच्या आवडत्या रेकॉर्डिंगमध्येही तो माइकच आहे. एक मात्र कबूल करतो. जोरात लावलेल्या ॲम्पसमोर उभं राहिलं की स्पीकरच्या हवेने तारा पुन्हा थरथरतात, सूर धरून राहतो, फीडबॅक बोलावल्यासारखा येतो. हेडफोनमध्ये हे मिळणार नाही. मॉडेलरही मोठ्या स्पीकरवर जोरात लावा, मिळेल.

रात्री हेडफोनवर बनवलेले पॅच

बारीक आवाजात कानाला बास कमी ऐकू येतो, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच मोजून दाखवलं. आपले वीर रात्री अकराला वन आरके मध्ये, आई झोपली म्हणून हेडफोन बारीक करून पॅच बनवतात. बास भरपूर, मिड कमी, गेन आणि रिव्हर्ब ढिगाने. मग बँडसोबत लावला की ड्रमरच्या पायाखाली गिटार गायब, आणि शिवी मॉडेलरला. कंपनीचे प्रीसेटही असेच, दुकानात पहिल्या तीस सेकंदांत भुरळ पाडायला केलेले. ते बघा आणि पुढे चला. पॅच तालमीच्या आवाजात बनवा. ते शक्य नसेल तर मी गेन पाव भाग उतरवतो, बास उतरवतो, मिड वर करतो. घरी ऐकायला रुक्ष वाटतं. वाटू द्या.

तुलना कशाशी करताय?

मार्शलचा १९६० च्या दशकातला १०० वॉटचा 'प्लेक्सी'. मास्टर व्हॉल्यूम नाही, म्हणजे रंग ठेवून आवाज कमी करायची सोय नाही; खरा रंग येतो तो पूर्ण उघडल्यावर. जवळजवळ प्रत्येक मॉडेलरमध्ये त्याची नक्कल असते. ती लावून पोरं म्हणतात, माझ्या मित्राच्या ॲम्पसारखा नाही वाजत. मित्राचा ॲम्प वेगळ्याच जातीचा, व्हॉल्यूम दोनवर लावलेला. खरा प्लेक्सी पूर्ण उघडा या शहरात किती जणांनी ऐकलाय? निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डीबी आहे, दहानंतर लाउडस्पीकर बंद. धोबी तलावच्या रंगभवनातल्या रॉकच्या मैफली तर शांतता क्षेत्रापायीच थांबल्या. न ऐकलेल्या गोष्टीसारखं वाजत नाही म्हणून तक्रार करू नये.

नॉब बाराच्या काट्यावर ठेवून दोन्हीकडे सारखं वाजेल ही अपेक्षाही सोडा. एकाच कारखान्यातून निघालेले दोन ॲम्प तसे वाजत नाहीत. ट्यूब झिजतात, बायस (ट्यूबचं आतलं सेटिंग) सरकतो. कानाने जुळवा.

काही किरकोळ गोष्टी. गिटार मिक्सरच्या किंवा इंटरफेसच्या लाइन इनपुटला लावू नका. 'इन्स्ट्रुमेंट' किंवा 'हाय-झी'चं बटण दाबा, नाहीतर पिकअपचा ट्रेबल मरतो आणि दोष मॉडेलरवर येतो. मोबाइलच्या स्पीकरवर यूट्यूबची तुलना ऐकून मत बनवलं असेल, तर ते मत मला सांगू नका. १९९८ च्या लाइन सिक्सच्या पॉड या मॉडेलरवर, त्या लाल राजम्यावर, बनवलेलं मत आज चालवू नका. मधे २००६ मध्ये फ्रॅक्टलचा मॉडेलर आला, २०११ मध्ये केम्परचा, आणि आता न्यूरल ॲम्प मॉडेलर हे सॉफ्टवेअर तर फुकट मिळतं.

"मॉडेलरमध्ये हाताला उशीर जाणवतो" म्हणणाऱ्यांसाठी एक हिशेब. ४८ किलोहर्ट्झवर १२८ सॅम्पलचा बफर (आवाज थोडा थोडा साठवून पुढे पाठवायची जागा) म्हणजे २.७ मिलीसेकंद. येता-जाता आणि आतली भर धरून लॅपटॉपवर त्याचे दुप्पट-तिप्पट होतात. आवाजाला हवेतून एक मीटर कापायला सुमारे २.९ मिलीसेकंद लागतात. स्टेजवर ॲम्पपासून तीन मीटरवर उभे राहता तेव्हा सुमारे नऊ मिलीसेकंदांचा उशीर तुम्ही हसत हसत खपवता. लॅपटॉपवर बफर १०२४ ठेवलात तर मात्र उशीर खरंच जाणवतो. तो कमी करा, रडू नका.

पावसाळ्यात पॉट (नॉबच्या आतला भाग) आणि जॅक खरखरतात. मुंबईची खारी, ओली हवा, दुसरं काय होणार. त्या खरखरीला "ट्यूबचं कॅरेक्टर" म्हणणारा एक जण मला भेटला आहे. कॉन्टॅक्ट क्लीनर मारल्यावर कॅरेक्टर गेलं.

वजनाचा मुद्दा लोक तुलनेत धरत नाहीत. फेंडरचा ट्विन रिव्हर्ब सुमारे २९ किलोचा. तो घेऊन दादरचा जिना चढा, किंवा बांद्र्याला रिक्षातून उतरून पुढे टॅक्सी शोधा, कारण रिक्षा त्यापुढे शहरात येत नाही. मग सांगा मला 'टोन'बद्दल.

वीज: इथे मस्करी नको

मॉडेलर किंवा त्यांचे ॲडाप्टर बहुतेक १०० ते २४० व्होल्टवर चालतात, त्यामुळे त्यावर वाढलेली पोरं गाफील असतात. ट्यूब ॲम्प माफ करत नाही. स्पीकर जोडल्याशिवाय तो कधीही वाजवू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो. स्पीकरला स्पीकरचीच वायर लावा, गिटारची नाही. हम (घूं असा आवाज) येतो म्हणून अर्थिंगची पिन तोडू नका. आणि ॲम्प उघडायचा तर जाणकाराकडेच, आतल्या कॅपेसिटरमध्ये प्लग काढल्यावरही शेकडो व्होल्ट बसून असतात.

गेल्या वर्षी एक जण मामेभावाने न्यू जर्सीहून पाठवलेला सुंदर जुना कॉम्बो घेऊन आला. १२० व्होल्टचा. घरी थेट आपल्या २३० च्या सॉकेटमध्ये लावला होता. फ्यूज उडाला. फ्यूजने त्याचं काम चोख केलं होतं. तिथे थांबून मागची पाटी वाचली असती तर तेवढ्यावर निभावलं असतं. साहेबांनी फ्यूजवर चॉकलेटची चांदी गुंडाळली आणि पुन्हा स्विच टाकला, कारण संध्याकाळी मॉडेलरशी तुलनेचा व्हिडिओ करायचा होता. पॉवर ट्रान्सफॉर्मर जळला. पाटीवरच्या वॉटच्या दीडपट क्षमतेचा स्टेपडाउन (२३० चे १२० व्होल्ट करणारा) घेतला असता तर त्या ट्रान्सफॉर्मरपेक्षा पुष्कळ स्वस्तात सुटला असता.

ॲम्प अजून गाळ्यातच आहे. नवीन ट्रान्सफॉर्मर यायचाय, तोवर त्यावर आमचा चहाचा थर्मास असतो.