रचनावादी मानसशास्त्राच्या चर्चासत्राला पहिल्यांदाच जाणाऱ्यांसाठी

एमए मानसशास्त्राच्या ज्युनिअर पोरापोरींचे सारखे मेसेज यायलेत, दादा रचनावादावर चर्चासत्र आहे, जावं का, जाऊन करायचं काय, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. मी लातूरकडचा, एमए झालं, आता पीएचडीचं चालूय. रचनावाद म्हणजे इथं कन्स्ट्रक्टिव्हिझम : माणूस जगाचा अर्थ आयता घेत नाही, स्वतःच रचतो, असं मानणारा विचार.

जायचं तर बिनधास्त जा, पण नुसतं सर्टिफिकेट पाहिजे असलं तर एसटीचं भाडं कशाला घालवता.

आपल्याकडं बीएडवाल्यांमुळं ज्ञानरचनावाद म्हणलं की पोरं कशी शिकतात ते सांगणारे पियाजे, वायगॉट्स्की आणि २००५ चा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा एवढंच डोक्यात येतं, आणि निम्मे पेपर त्यावरच असतात. चांगलंय, पण ते वर्गातल्या शिकण्याबद्दल झालं. समुपदेशनात जायचंय त्यांनी जॉर्ज केली हा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ वाचून जावं. त्याचा पर्सनल कन्स्ट्रक्टचा (म्हणजे माणसं-गोष्टी तोलायच्या आपल्या स्वतःच्या दोन टोकांच्या फूटपट्ट्या, जसं शांत-भांडखोर) सिद्धांत १९५५ ला दोन जाडजूड खंडांत आला, ते अख्खे कोणी वाचत नाही, तुम्हीपण नका वाचू, सुरुवातीची प्रकरणं बास.

मला हा माणूस जवळचा वाटतो त्याचं कारण वेगळंय. १९३० च्या दशकात तो अमेरिकेतल्या पश्चिम कॅन्ससमध्ये शिकवायचा, तिकडं तेव्हा दुष्काळ, धुळीची वादळं, शेती बसलेली, आणि हा फिरतं क्लिनिक घेऊन शाळाशाळांत जायचा. आधी फ्रॉइडच्या पद्धतीनं लोकांना त्यांच्या त्रासाचा अर्थ सांगायचा, लोकांना बरं वाटायचं. मग त्यानं मुद्दाम स्वतःच्या मनानं रचलेले अर्थ सांगून बघितले, तरी लोकांना फरक पडायचा! म्हणजे अर्थ कुणाच्या पुस्तकातला आहे यापेक्षा त्या माणसाला त्यातून पुढचा रस्ता दिसतो का हे महत्त्वाचं. आपल्या बीड-धाराशिवकडं काम करायचं ठरवलेल्यानं हे नीट डोक्यात ठेवावं.

आता खरी तयारी. जायच्या आधी घरी बसून स्वतःची रेपर्टरी ग्रिड भरा, म्हणजे आपल्या या फूटपट्ट्या शोधायचा केलीचा तक्ता, कोरा कागद पुरतो. वरच्या ओळीत माणसं लिहा : आई, वडील, आवडते सर, न पटणारा पाव्हणा, आजचा मी, मला व्हायचंय तसा मी. त्यातले कोणतेही तिघं घ्या आणि विचारा, यातले कोणते दोघं सारखे, आणि तिसरा कशात वेगळा? माझ्या एका मैत्रिणीनं आई आणि सर 'शांत' म्हणून एकत्र टाकले आणि पाव्हण्याला म्हणली 'तोंडावर बोलणारा'. मला वाटलेलं ती भांडखोर म्हणंल. म्हणजे तिच्या हिशोबात शांत माणूस मनातलं बोलत नाही, आणि हे तिला कुठल्या प्रश्नावलीतनं विचारता आलं नसतं. दुसरं टोक त्याच माणसाकडून घ्यायचं, आपण सुचवायचं नाही, सगळी गंमत तिथंच आहे. अशा दोन-दोन टोकांच्या जोड्या खाली लिहित जा, मग प्रत्येक जोडीवर वरच्या प्रत्येक माणसाला एक ते सात मार्क द्या, झाली ग्रिड. एवढं करून गेलात की ग्रिडवरचे पेपर कळायला लागतात, नाहीतर पीपीटीतले आकडे बघत बसायचं.

बाकी नेहमीचंच. अॅब्स्ट्रॅक्टची तारीख पाळा, मराठीत पेपर चालतो का ते आयोजकांना फोन करून आधीच विचारा, पेपरला मिळालेल्या वेळेत प्रस्तावनाच वाचत बसू नका (आमच्याकडं लोक अध्यक्षांचे आभार मानण्यातच निम्मा वेळ घालवतात), सरळ एका माणसाची ग्रिड दाखवा. उद्घाटनाची भाषणं ऐकली नाही तरी चालतंय पण ग्रिडची कार्यशाळा असली तर पुढच्या रांगेत बसा. आणि जेवणाच्या रांगेत वक्त्यांना गाठा, स्टेजवर कोणी सांगत नाही ते तिथं सांगतात, लॅडरिंग (एका टोकावरून शिडी चढल्यासारखं त्या माणसाला मुळात काय महत्त्वाचं वाटतं तिथवर जाणं) प्रत्यक्षात कसं करायचं हे मला तिथंच कळलं : 'तुला यातलं कोणतं टोक आवडंल, आणि का?' असं विचारत विचारत वर जायचं, पण समोरचा अवघडला की थांबायचं.

एक मात्र सांगतो, पेपरात दुसऱ्याची ग्रिड दाखवणार असाल तर त्याची परवानगी घ्या, आणि नुसतं नाव काढून भागत नाही, गाव, नातं, नोकरी सगळं बदला, कारण हॉलमध्ये त्याच तालुक्याचं कोणीतरी बसलेलं असतंच.